वर्गातला टॅब 'हँग' होतोय? नवा घेण्याआधी एवढं करून बघा



"सर, टॅब हँग झाला." हे वाक्य ज्या वर्गात ऐकू येत नाही, असा डिजिटल वर्ग मी तरी पाहिलेला नाही. आज याच विषयावर सविस्तर लिहितो आहे.

आधी थोडा हिशोब मांडू. तास ३५ मिनिटांचा. एका टॅबभोवती चार मुलं. सूचना देणं, टॅब वाटणं आणि गोळा करणं यात दहा मिनिटं जातात. उरलेल्या २५ मिनिटांत प्रत्येकाच्या वाट्याला जेमतेम सहा मिनिटं येतात. आता अ‍ॅप उघडायला दोन मिनिटं लागली, मध्येच ते बंद पडलं आणि पुन्हा सुरू करावं लागलं, की चौथ्या मुलाची पाळी येण्याआधीच घंटा होते. हा चौथा मुलगा कोण असतो ते आपल्याला माहीत आहे. जो पुढे घुसत नाही, ज्याच्या घरी असं यंत्र नाही, ज्याला शाळेतच काय ते हात लावायला मिळतं, तोच.

म्हणून टॅब मंद होणं ही नुसती तांत्रिक कटकट नाही. त्यात कोणाचा तरी वाटा जातो. घरीही तसंच. मुलगी सराव चाचणी सोडवत असते, पडदा अडकतो, ती चार वेळा बोट आपटते आणि आपण म्हणतो, "तुझं लक्षच नाही." लक्ष असतं हो, यंत्र साथ देत नाही.

चांगली गोष्ट अशी की मंद झालेल्या टॅबपैकी बरेचसे खराब झालेले नसतात. त्यांच्यात सामान फार साठलेलं असतं आणि एकाच वेळी फार कामं चाललेली असतात. हे घरी किंवा शाळेत, एकही रुपया खर्च न करता, तासाभरात सुधारता येतं. फक्त क्रम पाळायचा: आधी ओळखा, मग मोजा, मग एकेक उपाय करा. रीसेट सगळ्यात शेवटी.

थोडी पार्श्वभूमी: 'आकाश'पासून आजपर्यंत

जुन्या शिक्षकांना 'आकाश' टॅब आठवत असेल. ५ ऑक्टोबर २०११ रोजी केंद्र सरकारने तो जाहीर केला. ३५ डॉलरचा टॅब म्हणून जगभर बातमी झाली. डेटाविंड कंपनीने बनवलेल्या त्या पहिल्या आकाशमध्ये ३६६ मेगाहर्ट्झचा प्रोसेसर होता, २५६ एमबी रॅम होती आणि बोटाने दाबावा लागणारा रेझिस्टिव्ह पडदा होता. कल्पना मोठी होती, पण यंत्र मंद असल्याची तक्रार लगेच सुरू झाली. पुढे प्रकल्पाचं काम मुंबईच्या आयआयटीकडे आलं. ११ नोव्हेंबर २०१२ ला तत्कालीन राष्ट्रपती प्रणव मुखर्जी यांच्या हस्ते आलेल्या 'आकाश-२'मध्ये प्रोसेसर १ गिगाहर्ट्झचा, रॅम ५१२ एमबी आणि पडदा हलक्या स्पर्शाने चालणारा होता.

आज साध्यातल्या साध्या टॅबला २ ते ४ जीबी रॅम असते, म्हणजे पहिल्या आकाशच्या आठ ते सोळा पट. तरी तक्रार तीच का? कारण अ‍ॅप्सही तितकीच फुगली. रस्ता रुंद झाला आणि गाड्याही वाढल्या. नाशिककरांना द्वारका चौकाचं उदाहरण पुरे.

आपल्या राज्यात टॅबवरचं काम गेल्या काही वर्षांत झपाट्याने वाढलं. २०१७ च्या शिक्षकदिनी 'दीक्षा' सुरू झालं. बालभारतीच्या पुस्तकांवर क्यूआर कोड आले. २०२० मध्ये शाळा बंद झाल्या आणि शिक्षणच पडद्यावर गेलं. जेईई, नीट, सीईटीची तयारी करणाऱ्या इतर मागासवर्गीय, भटक्या-विमुक्त आणि विशेष मागास प्रवर्गातील मुलांना 'महाज्योती' या संस्थेने टॅब दिले. शिवाय शाळेतल्या टॅबवर शिकवण्याबरोबर उपस्थिती, पोषण आहाराची नोंद, प्रशिक्षणाच्या लिंक, केंद्राचे गट असं सगळंच चालतं. एकाच बैलावर नांगर, गाडी आणि मोट असं झालं, की तो थकणारच.

टॅब मंद होतो म्हणजे आत नेमकं काय होतं?

हे समजलं की उपाय आपोआप सुचतात. मुलांनाही असंच सांगता येईल.

*रॅम म्हणजे टेबल, स्टोरेज म्हणजे कपाट.* आपण तपासायच्या वह्या कपाटातून काढून टेबलावर घेतो. टेबल छोटं असेल आणि त्यावर आधीच दहा गठ्ठे असतील, तर नवीन गठ्ठा ठेवायला जुना उचलून परत कपाटात टाकावा लागतो. अँड्रॉइड अगदी हेच करतं. रॅम भरली की मागे राहिलेलं अ‍ॅप ते स्वतःच बंद करतं. म्हणून दीक्षावरून व्हॉट्सअ‍ॅपवर जाऊन परत आलात की दीक्षा पहिल्यापासून उघडतं.

*स्टोरेज भरलं की लिहिणं का मंदावतं?* हे जरा कमी लोकांना माहीत असतं. टॅबमधली साठवण फ्लॅश प्रकारची असते. तिच्यात जुन्या मजकुरावर थेट नवीन लिहिता येत नाही, आधी पुसावं लागतं. आणि पुसताना एक ओळ पुसता येत नाही, अख्खा फळा पुसावा लागतो. समजा, तुमच्याकडे दहा फळे आहेत आणि सगळ्यांवर थोडं कामाचं, थोडं बिनकामाचं लिहिलेलं आहे. एक नवीन ओळ लिहायची तर एका फळ्यावरच्या कामाच्या ओळी दुसरीकडे उतरवा, मग तो फळा पुसा, मग लिहा. दोन-तीन फळे कोरे असतील तर हे काम टॅब निवांतपणे मागे करत राहतो, आपल्याला कळतही नाही. एकही फळा कोरा नसेल तर प्रत्येक ओळीला थांबावं लागतं. म्हणून स्टोरेज काठोकाठ भरलेल्या टॅबवर टाइप करतानाही अक्षरं उशिरा उमटतात.

म्हणजे जागा मोकळी करणं हे फोटोंसाठी नाही, टॅबला श्वास घ्यायला जागा हवी म्हणून करायचं. साधारण १५ ते २० टक्के जागा कायम रिकामी ठेवावी. आणि १६ जीबीचा टॅब असेल तर लक्षात घ्या, त्यातली बरीचशी जागा अँड्रॉइड आणि कंपनीची अ‍ॅप्सच घेऊन बसलेली असतात. आपल्या हातात उरते ती मोजकीच.

पायरी पहिली: दुखणं ओळखा

डॉक्टर आधी नाडी बघतात, मग गोळी देतात. आपणही पाच मिनिटं निरीक्षण करायचं.

१) फक्त ऑनलाइन गोष्टी अडकतात का? टॅब विमान मोडवर टाका. मग आधीच डाउनलोड केलेला व्हिडिओ, गॅलरी, कॅल्क्युलेटर उघडा. हे सगळं झटपट चाललं तर टॅब ठणठणीत आहे, दोष नेटचा आहे. पेठ-सुरगाण्याकडच्या पाड्यांवर किंवा त्र्यंबकच्या डोंगरात रेंजच नसेल तर टॅब बिचारा काय करणार? तिथे उपाय वेगळा: पाठाचे व्हिडिओ जिथे नेट चांगलं आहे तिथे आदल्या दिवशी उतरवून न्यायचे.

२) एकच अ‍ॅप अडकतं का? मग बाकी टॅबला हात लावू नका. त्या अ‍ॅपचा कॅशे साफ करा, अपडेट बघा.

३) अ‍ॅप बदललं की पहिलं अ‍ॅप नव्याने सुरू होतं का? रॅम कमी पडते आहे.

४) टाइप करताना, फोटो जतन होताना, सगळीकडेच अडखळतं का? स्टोरेज बघा, बहुधा भरलेलं असेल.

५) सकाळी नीट चालतो आणि वीस-पंचवीस मिनिटांनी मंदावतो का? पाठीला हात लावून बघा. तापला असेल. प्रोसेसर ठरावीक तापमानापुढे गेला की स्वतःला वाचवण्यासाठी वेग कमी करतो.

६) चार्जिंगला लावल्यावरच पडदा वेडावाकडा चालतो का? चार्जर किंवा केबल हलक्या दर्जाची असेल. अशा चार्जरमुळे स्पर्श ओळखण्यात गोंधळ होतो आणि बोट न लावताही बटणं दाबली जातात. मूळ चार्जर लावून बघा.

यातल्या पाचव्या मुद्द्याबद्दल आपल्या जिल्ह्यात जास्त बोलायला हवं. एप्रिल-मेमध्ये मालेगाव, नांदगावकडे पारा चाळिशीपार जातो. पत्र्याच्या खोलीत, खिडकीजवळच्या बाकावर, जाड रबरी कव्हरमध्ये आणि वर चार्जिंगला लावलेला टॅब मंद होणारच. कव्हर काढा, सावलीत ठेवा, चार्जिंग तासाआधी उरका. पण गरम टॅब फ्रिजमध्ये मात्र ठेवू नका. आतल्या आत दव धरतं आणि मग खरंच दुकानात जावं लागतं. उलट निफाडकडे थंडीत पारा पाचच्याही खाली उतरतो. अशा पहाटे बॅटरी ४० टक्के दाखवत असताना टॅब अचानक बंद पडला तर घाबरू नका, थंडीत बॅटरी आपली ताकद नीट देऊ शकत नाही. टॅब खोलीत येऊन ऊबदार झाला की पूर्ववत होतो. आणि इगतपुरीच्या पावसात ओल्या बोटांनी पडदा चालत नाही, त्यालाही मुलं 'हँग' म्हणतात. एक कोरडं सुती फडकं टॅबच्या पेटीत ठेवलं की काम झालं.

पायरी दुसरी: मोजा

"आता जरा फास्ट वाटतोय" हे मोजमाप नव्हे. घड्याळ घ्या. एकच अ‍ॅप निवडा आणि ते उघडायला किती सेकंद लागतात ते तीनदा मोजा. प्रत्येक वेळी अ‍ॅप पूर्ण बंद करून मगच पुन्हा उघडा. तीन आकड्यांची सरासरी काढून कागदावर लिहा. सोबत मोकळी जागा किती आहे तेही लिहा. पुढे प्रत्येक उपायानंतर असंच मोजायचं. याचा वर्गात उपक्रम कसा घ्यायचा ते शेवटी दिलं आहे.

पायरी तिसरी: एकेक उपाय, याच क्रमाने

१) टॅब बंद करून सुरू करा. अगदी साधं, पण महिनोन्महिने कोणी करत नाही. बटण दाबून पडदा काळा करणं म्हणजे बंद करणं नव्हे. 'रीस्टार्ट' निवडा. टेबल एकदम रिकामं होतं. शाळेच्या टॅबला दर सोमवारी परिपाठाआधी रीस्टार्ट, असा नियमच ठेवा.

२) व्हॉट्सअ‍ॅपची सफाई. माझ्या पाहण्यात जागा खाण्यात पहिला नंबर याचाच. तालुक्याचा गट, केंद्राचा गट, पालकांचा गट, जुन्या मित्रांचा गट. रोजच्या शुभ सकाळ, वाढदिवसाच्या शुभेच्छा आणि एकच परिपत्रक पाच गटांवर पाच वेळा. सेटिंग्जमध्ये 'स्टोरेज अँड डेटा', त्यात 'मॅनेज स्टोरेज' उघडा. मोठ्या फाइल्स आणि वारंवार फॉरवर्ड झालेल्या गोष्टी वेगळ्या दिसतात. बघून पुसा. मग 'मीडिया ऑटो-डाउनलोड' बंद करा, नाहीतर महिन्याभरात पहिले पाढे पंचावन्न. खरं तर मुलांच्या टॅबवर व्हॉट्सअ‍ॅप नसलेलंच बरं.

३) फोटो-व्हिडिओ हलवा. स्नेहसंमेलन, सहल, शाळा व्यवस्थापन समितीची सभा असे वर्षानुवर्षांचे फोटो शाळेच्या संगणकावर किंवा पेनड्राइव्हवर दोन ठिकाणी ठेवा. उघडून खात्री करा, मगच टॅबवरून काढा. आणि पुसलेले फोटो लगेच जात नाहीत, काही दिवस 'ट्रॅश' किंवा 'बिन'मध्ये पडून राहतात. तेही रिकामं केल्याशिवाय जागा मिळत नाही.

४) जुने पाठ काढा. दीक्षावर गेल्या वर्षीच्या इयत्तेचा उतरवलेला मजकूर, यूट्यूबवरचे ऑफलाइन व्हिडिओ, 'डाउनलोड्स' फोल्डरमधल्या त्याच त्या पीडीएफ. गरज संपली असेल तर त्या त्या अ‍ॅपमध्ये जाऊन काढा.

५) 'क्लिअर कॅशे' आणि 'क्लिअर डेटा' यातला फरक लक्षात ठेवा. कॅशे म्हणजे अ‍ॅपने स्वतःच्या सोयीसाठी ठेवलेलं तात्पुरतं सामान. ते काढलं तरी काही बिघडत नाही, पुन्हा लागेल तसं तयार होतं. डेटा काढला की लॉगिन, जतन केलेलं काम, त्या अ‍ॅपने आत साठवलेले पाठ, सगळं जाऊ शकतं. बटणं शेजारीशेजारी असतात. मुलांच्या हातात हे काम देताना तिथे उभे राहा.

६) नको असलेली अ‍ॅप्स काढा. तीन महिन्यांत ज्याला हात लावला नाही ते अ‍ॅप काढायचं, एवढा सरळ नियम ठेवा. कंपनीची काही अ‍ॅप्स निघत नाहीत, तिथे 'डिसेबल' मिळतं का बघा. ज्याचं नाव ओळखीचं नाही असं सिस्टिमचं काही मात्र बंद करू नका.

७) आपोआप होणारी कामं आवरा. प्ले स्टोअरमधलं ऑटो-अपडेट तासाच्या मध्येच सुरू झालं की टॅब गुडघे टेकतो. ते बंद ठेवून शनिवारी शाळा सुटल्यावर चार्जिंगला लावून सगळी अपडेट एकदम करा. अपडेट करायचीच नाहीत असं नाही, सुरक्षेसाठी ती हवीत. वेळ आपण ठरवायची. तसंच एका टॅबवर तीन-चार शिक्षकांची गुगल खाती जोडलेली असतात आणि प्रत्येकाचे मेल, फोटो, संपर्क मागे येत राहतात. शाळेचं एकच खातं ठेवा.

८) दर्शनी सजावट कमी करा. हलणारा वॉलपेपर, हवामानाचे आणि बातम्यांचे चौकोन काढून टाका. थोडं पुढे जायचं असेल तर 'अबाउट टॅबलेट'मध्ये 'बिल्ड नंबर'वर सात वेळा टिचकी मारा, 'डेव्हलपर ऑप्शन्स' दिसू लागतील. त्यात अ‍ॅनिमेशनचे तीन स्केल असतात, ते १ वरून ०.५ करा. प्रोसेसरचा वेग याने वाढत नाही, पण खिडक्या उघडण्या-मिटण्यात जाणारा वेळ निम्मा होतो. बाकी कशाला हात लावू नका.

९) तरीही अडकतो? सेफ मोड. पॉवर बटण दाबून येणाऱ्या यादीतल्या 'पॉवर ऑफ'वर बोट दाबून ठेवलं की बऱ्याच टॅबमध्ये सेफ मोडचा पर्याय येतो. यात आपण टाकलेली अ‍ॅप्स चालत नाहीत. सेफ मोडमध्ये टॅब पळायला लागला तर चोर नंतर टाकलेल्या अ‍ॅप्समध्येच आहे. शेवटी टाकलेल्यापासून एकेक काढत या.

१०) रीसेट सगळ्यात शेवटी. 'फॅक्टरी रीसेट' म्हणजे टॅब कोरा करणं. आधी सगळं दुसरीकडे उतरवा. आणि एक गोष्ट फार महत्त्वाची: टॅबवर कोणत्या गुगल खात्याने लॉगिन केलं आहे आणि त्याचा पासवर्ड काय, हे माहीत असल्याशिवाय रीसेट करू नका. चोरीपासून संरक्षण म्हणून अँड्रॉइड रीसेटनंतर तेच खातं मागू शकतं. बदली होऊन गेलेल्या शिक्षकांच्या खात्यावर टॅब असेल तर आधी त्यांना फोन करा. रीसेटनंतर जुनी सगळी अ‍ॅप्स परत टाकली तर महिन्याभरात पुन्हा तेच होईल, फक्त लागणारीच टाका.

संस्थेकडून मिळालेल्या टॅबवर कधी कधी त्यांचं स्वतःचं नियंत्रण किंवा लॉक असतं. तो लॉक तोडून देणारे लोक भेटतात. त्या वाटेला जाऊ नका. मुलाचा अभ्यासक्रमच बंद पडू शकतो. संस्थेच्या मदत क्रमांकावर बोला.

हे मात्र करू नका

*'स्पीड बूस्टर', 'रॅम क्लीनर' अ‍ॅप्स.* ही अ‍ॅप्स मागे चालणारी अ‍ॅप्स बंद करतात, ती थोड्या वेळात पुन्हा सुरू होतात, पुन्हा सुरू होण्यात उलट जास्त ताकद जाते. शिवाय हे अ‍ॅप स्वतः रॅम घेतं आणि जाहिराती दाखवतं ते वेगळंच. घर झाडायला माणूस बोलावला आणि तोच मुक्कामाला राहिला, अशातली गत.

*गटावर आलेल्या लिंकवरून अ‍ॅप टाकणं.* "हे टाका, टॅब दुप्पट फास्ट" असा मेसेज कितीही ओळखीच्या माणसाकडून आला तरी नको. मुलांची नावं, फोटो, आधारची माहिती त्याच टॅबमध्ये असते.

*मिळेल ते मेमरी कार्ड.* कार्डावर फोटो, व्हिडिओ ठेवायला हरकत नाही. अ‍ॅप्स कार्डावर टाकली तर कार्ड मंद असल्यास अ‍ॅपही मंद होतं. घ्यायचंच असेल तर त्यावर 'ए१' किंवा 'ए२' अशी खूण बघा, ती अ‍ॅप्ससाठीच्या किमान वेगाची असते. रस्त्यावर निम्म्या किमतीत मिळणाऱ्या १२८ जीबीच्या कार्डात खरी जागा तेवढी असेलच असं नाही.

*फुगलेल्या बॅटरीकडे दुर्लक्ष.* पाठ उचलल्यासारखी वाटली, पडदा कडेने सुटू लागला तर वेगाचा विचार सोडा. टॅब ताबडतोब बंद करा, चार्जिंगला लावू नका, दाबू किंवा टोचू नका, मुलांपासून दूर ठेवा. हे काम जाणकाराचंच.

दुकानात जायची वेळ आली तर

पालकांसाठी खास. एका पालकांना दुकानात "बोर्ड गेलाय, नवा घ्या" असं सांगितलं होतं. ते द्राक्षबागेत मजुरीला जाणारे, नव्या टॅबची किंमत म्हणजे त्यांच्या कित्येक दिवसांची हजेरी. आम्ही बसून स्टोरेज पाहिलं तर शंभर एमबीसुद्धा मोकळी नव्हती. लग्नाचे व्हिडिओ पेनड्राइव्हवर घेतले, तीन गेम मुलीच्याच संमतीने काढले, रीस्टार्ट केला. टॅब नव्यासारखा झाला असं म्हणणार नाही, पण तिची सराव चाचणी न अडकता पूर्ण झाली. आम्हाला तेवढंच हवं होतं.

सगळे दुकानदार असे नसतात. आपल्या एम. जी. रोडवर प्रामाणिकपणे दुरुस्ती करून देणारे कारागीरही आहेत. पण जाताना तीन गोष्टी सोबत न्या: मोकळी जागा किती, सेफ मोडमध्ये काय झालं, आणि कोणते उपाय करून झाले. एवढं कागदावर लिहून नेलं की समोरचा माणूसही नीट बोलतो. तुटलेला चार्जिंग सॉकेट, थकलेली बॅटरी हे खरे बिघाड आहेत आणि ते नव्या टॅबपेक्षा खूप कमी पैशांत दुरुस्त होतात.

उपाय करूनही मंदच राहिला तर?

असंही होतं. १ जीबी रॅमचा, फार जुन्या अँड्रॉइडचा टॅब आजच्या अ‍ॅप्सपुढे टिकत नाही, आणि काही अ‍ॅप्स जुन्या अँड्रॉइडवर चालतच नाहीत. ऑक्टोबर २०२३ मध्ये व्हॉट्सअ‍ॅप अँड्रॉइड ५ पेक्षा जुन्या आवृत्त्यांवर चालणं बंद झालं. अशा टॅबला निवृत्त करण्याआधी एकच काम द्या. बालभारतीच्या पुस्तकांच्या पीडीएफ टाकून तो वाचनकोपऱ्यात ठेवा. कविता आणि इंग्रजी संवादांचे ध्वनिमुद्रण ऐकण्यासाठी वापरा. खेळात स्टॉपवॉच म्हणून लावा. नेट बंद, बाकी सगळी अ‍ॅप्स काढलेली. एकाच कामासाठी तो आणखी दोन वर्षं सहज सोबत करेल. खरोखर संपलाच तर भंगारात किंवा घंटागाडीच्या ओल्या-सुक्या कचऱ्यात टाकू नका. १ एप्रिल २०२३ पासून देशात ई-कचऱ्याचे नवे नियम लागू आहेत. तो अधिकृत संकलकाकडेच द्यायचा. देण्याआधी रीसेट करून मुलांची माहिती पुसा.

वर्गातला उपक्रम: 'आमचा टॅब किती सेकंदांचा?'

इयत्ता ५ वी ते ८ वीसाठी. गणित, विज्ञान आणि मराठी लेखन असे तिन्ही विषय यात येतात.

गट चार जणांचा: एक हाताळणारा, एक वेळ मोजणारा, एक नोंद करणारा आणि एक निरीक्षक. दर दहा मिनिटांनी भूमिका बदलायच्या, म्हणजे प्रत्येकाच्या हातात टॅब येतोच.

• उपायाआधी अ‍ॅप उघडण्याचा वेळ तीनदा मोजा. समजा १४, १६ आणि १५ सेकंद आले. सरासरी १५.
• एकच बदल करा, उदाहरणार्थ जागा मोकळी करा. पुन्हा तीनदा मोजा. समजा ८, ७ आणि ९ आले. सरासरी ८.
• वाचलेला वेळ ७ सेकंद. शेकडा किती? ७ भागिले १५ गुणिले १००, म्हणजे सुमारे ४७ टक्के.
• मग दुसरा बदल, पुन्हा मोजणी. स्तंभालेख काढा.

मुलांना एक प्रश्न जरूर विचारा: "दोन बदल एकदम केले असते तर वेग कशामुळे वाढला हे कसं कळलं असतं?" प्रयोगात एका वेळी एकच गोष्ट का बदलायची, हे पाठ्यपुस्तकातल्या व्याख्येपेक्षा इथे पटकन कळतं. शेवटी प्रत्येक गटाने 'टॅबची काळजी' यावर पाच सूचना आपल्या शब्दांत लिहून भिंतीवर लावायच्या. मुलांनी स्वतः लिहिलेला नियम मुलं पाळतात, हा आपला सगळ्यांचाच अनुभव आहे.

महिन्याचं वेळापत्रक (कापून कपाटाला चिकटवा)

• दर सोमवारी: रीस्टार्ट, पडदा कोरड्या फडक्याने पुसणे.
• दर शनिवारी: चार्जिंगला लावून अपडेट, डाउनलोड्स फोल्डर बघणे.
• महिनाअखेरीस: फोटो दुसरीकडे उतरवणे, ट्रॅश रिकामा करणे, मोकळी जागा वहीत नोंदवणे.
• सत्राअखेरीस: जुन्या इयत्तेचे पाठ काढणे, न लागणारी अ‍ॅप्स काढणे, सेकंदांची मोजणी.
• सुट्टीत: टॅब साधारण निम्मा चार्ज करून, बंद करून, थंड आणि कोरड्या जागी ठेवणे. पूर्ण रिकाम्या बॅटरीवर महिनाभर ठेवलेला टॅब जूनमध्ये सुरू न होण्याची शक्यता असते.

या कामाची जबाबदारी दर महिन्याला दोन मुलांकडे द्या. आणि शक्य झालं तर त्या जोडीत तो चौथा मुलगा असू द्या, ज्याची पाळी नेहमी घंटेबरोबर संपते.